अलास्कात डॉल मेंढ्याची शिकार, दोघांनी मिळून: रँगल पर्वतासाठी सल्ला हवा

घसारा_प्रेमी:

मंडळी, येत्या ऑगस्टमध्ये एका मित्राबरोबर डॉल मेंढ्याच्या (इथल्या डोंगरांतला पांढरा रानमेंढा) शिकारीला जायचा विचार आहे. मी ग्रीन कार्डवर, चार वर्षं अँकरेजला. मित्र एच-वन-बीवर आहे आणि सिएटलहून इथे येऊन त्याला तेव्हा नऊ महिने झालेले असतील. बेत असा: चिटिनाहून छोट्या विमानाने रँगल–सेंट इलायस या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात उतरायचं, आठ दिवस पायी हिंडायचं, जमल्यास दोघांना एकेक मेंढा. डोंगर चढायची सवय दोघांना आहे, मोठ्या जनावराच्या शिकारीची नाही. विचारायचंय ते हे:

१. मेंढा कायदेशीर आहे हे लांबून नक्की कसं ठरवायचं?
२. दोघांत वजन किती होईल?
३. ऑगस्टच्या उन्हात मांस कसं टिकवायचं?

भारतात शिकारीला बंदी आहे हे माहीत आहे. शिकार करावी की नाही हा वाद कृपया दुसऱ्या धाग्यावर.

---

नियमपुस्तिका:

तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या आधी मित्राचा प्रश्न सोडवा. अलास्कात रहिवासी ठरायला सलग १२ महिने इथे घर असावं लागतं. नऊ महिन्यांवर तो अनिवासी, त्यातही परदेशी नागरिक. अनिवासी परदेशी माणसाला कुठल्याही मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी परवानाधारक गाइड बरोबर असणं बंधनकारक आहे. जवळच्या नातलगाबरोबर जाण्याची सवलत फक्त अनिवासी अमेरिकन नागरिकांना आहे, आणि मित्र म्हणजे नातलग नव्हे. त्यामुळे यंदा त्याच्या नावावर मेंढा नाही. त्याने बिनहत्यारी सोबती म्हणून यावं, टेहळणी करावी, ओझं वाहावं. मांस वेगळं घेऊन जाणार असेल तर ताबा हस्तांतराचा साधा फॉर्म भरून त्याच्याजवळ ठेवा.

दुसरं, बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या (एच-वन-बी त्यातलाच) माणसाने बंदूक बाळगणं फेडरल कायद्याने गुन्हा आहे. वैध शिकार परवाना जवळ असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणजे तो परवाना नसेल तर "जरा धर रे" म्हणून रायफल त्याच्या हातात देऊ नका. एच-वन-बीवाल्या मराठी मंडळींना हे सहसा कुणी सांगत नाही. तुम्ही ग्रीन कार्डवर आहात, तुम्हाला ही अडचण नाही.

जागेबद्दल: रँगल–सेंट इलायसचे दोन भाग आहेत, पार्क आणि प्रिझर्व्ह. अँकरेजच्या माणसाला शिकार फक्त प्रिझर्व्हमध्ये करता येते. पार्कात ती परिसरातल्या ग्रामीण रहिवाशांपुरती आहे. जमिनीवर कुठेही पाटी नसते, डोंगराची एखादी धार ओलांडली की तुम्ही पार्कात. हद्द जीपीएसमध्ये आधीच भरून घ्या.

हंगाम बहुतेक ठिकाणी १० ऑगस्ट ते २० सप्टेंबर. या काळात विमानातून मेंढे शोधायला बंदी आहे, विमान फक्त माणसं आणि तळ पोचवायला. ज्या दिवशी उडालात त्या दिवशी शिकार नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे ३ नंतर. शिकारीनंतर १५ दिवसांत अहवाल, आणि ३० दिवसांच्या आत शिंगं मत्स्य व वन्यजीव खात्याकडे नेऊन सील करून, म्हणजे खात्याची खूण बसवून, घ्यायची. कडक हिवाळ्यांमुळे गेल्या काही वर्षांत मेंढ्यांची संख्या बरीच घटली आहे आणि काही भाग बंद केले आहेत. म्हणून विमान ठरवण्याआधी शिकारीच्या नियमांची यंदाची पुस्तिका बघा, मागच्या वर्षीची नको.

---

दुर्बीणवाला:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात.

कायदेशीर मेंढा तीनपैकी एका कसोटीवर ठरतो. एक, निदान एका शिंगाने बाजूने पाहिल्यावर पूर्ण ३६० अंशांचं वर्तुळ केलेलं असावं. दोन, दोन्ही शिंगांची टोकं तुटलेली असावीत. तीन, शिंगावरच्या वार्षिक वळ्यांवरून वय निदान ८ वर्षं असावं. तिन्ही लागत नाहीत, एक पुरे. पण ती "असावी बहुतेक" या भरवशावर नको.

३६० अंशांची गंमत अशी की शिंग सपाट चक्र नसतं, ते बाहेर फिरत जाणारं मळसूत्र असतं. मेंढा समोर तोंड करून उभा असेल तर लहान जनावराचं शिंगही पूर्ण वाटू शकतं. तो जिथून दिसल्यावर शिंगाचा बाहेरचा काठ गोल वर्तुळ दिसतो, तीच बघायची जागा. ज्याची शिंगं बाहेर फाकलेली आहेत त्याला बरोब्बर काटकोनातून पाहिलं तर टोक खरं तिथपर्यंत पोचलंय की नाही ते कळत नाही, थोडं पुढून आणि खालून बघावं लागतं. "टोक नाकाच्या रेषेवर आलं की झालं" हा नियम सगळे सांगतात, पण मेंढ्याने मान जरा खाली-वर केली की ती रेषाच हलते. टोक शिंगाच्या पुढच्या बुडाच्या पातळीला परत आलंय का, हे बघा. आणि दोन्ही शिंगं स्वतंत्र बघा, बरेचदा एकच पूर्ण असतं.

तुटलेल्या टोकांची कसोटी दोन्हीकडे लागू झाली पाहिजे. एक तुटकं आणि एक बारीक अणकुचीदार असेल तर या कसोटीत तो बसत नाही. झिजून बोथट झालेलं आणि तुटलेलं यात फरक करा: पहिल्या वर्षाचा कोकराचा तुकडा टोकाला शाबूत असेल तर ते शिंग तुटलेलं नाही.

वय मोजणं सगळ्यात अवघड. हिवाळ्यात वाढ थांबते आणि शिंगाभोवती खोल, गडद वळं पडतं. ते पूर्ण घेर फिरतं, मागच्या बाजूलाही दिसतं. मधल्या उथळ रेघा खोट्या, त्या अर्ध्यातच विरतात. पहिल्या वर्षाचा तुकडा लहान असतो आणि म्हाताऱ्या मेंढ्यात तो बऱ्याचदा झिजून गेलेला असतो. पहिली तीन-चार वर्षं तुकडे लांब, मग झपाट्याने आखूड होत जातात. बुडाजवळची शेवटची वळी इतकी दाटीने असतात की लांबून दोनांचं एक दिसतं. म्हणून चौथं वळं आधी पक्कं करा, ते बहुतेकदा ठळक असतं, आणि तिथून बुडाकडे मोजत या.

सामान: १० बाय ४२ ची दुर्बीण प्रत्येकाकडे, आणि दोघांत मिळून एक ६५ मिमीचा स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची, जास्त पटीची दुर्बीण), कार्बनच्या ट्रायपॉडवर. स्कोपला फोन जोडायची क्लिप जरूर घ्या. व्हिडिओ काढून पडद्यावर थांबवून मोजलं की वाद मिटतो. दुपारी खडक तापल्यावर हवा थरथरते आणि ४५ पटीला सगळं धुरकट होतं. मोजणी सकाळी नऊच्या आत करा. मित्राच्या हाती रायफल नसणं इथे उलट सोयीचं आहे: गोळी तुम्ही झाडायची, पण होकार त्याने द्यायचा. तो "हो" म्हणत नाही तोवर सेफ्टी काढू नका.

चुकून कमी वयाचा मेंढा पडलाच तर लपवू नका. शिंग व मांस घेऊन खात्याकडे स्वतःहून जा. जनावर जप्त होतं आणि दंडही होतो, पण लपवाछपवी उघडी पडली की प्रकरण फार वेगळं होतं.

---

ओझंवाला:

वजनाचा हिशोब. विमानवाले माणशी साधारण ५० पौंड, म्हणजे २२–२३ किलो सामान घेतात. लहान विमानात एका वेळी एकच प्रवासी, म्हणजे दोन खेपा. कडक पेट्या चालत नाहीत, मऊ पिशव्या हव्यात.

तंबू, झोपायची पिशवी, स्टोव्ह, पावसाळी कपडे, दुर्बिणी मिळून माणशी १४ किलोत बसवा. अन्न रोजचं ८०० ग्रॅम आणि ३,५०० कॅलरी धरा. आठ दिवसांचा बेत असेल तर दहा दिवसांचं न्या, कारण ढग बसले की विमान येत नाही. म्हणजे ८ किलो. बाजारी सुक्या जेवणापेक्षा शेंगदाण्याची चिक्की आणि तूप जास्त कामाचं: चिक्की १०० ग्रॅमला ५०० कॅलरीच्या आसपास, तूप जवळजवळ ९००. सुकवलेला उपमा गरम पाण्यात फुगतो, त्यात दोन चमचे तूप घाला.

आता मेंढा. मोठ्या नराचं हाड काढलेलं मांस ३०–३५ किलो. कवटीसकट शिंगं आणि ओलं कातडं मिळून आणखी १४–१५. परतीला तळाचं सामान आणि उरलंसुरलं अन्न दोघांचं ३२. बेरीज ७६–८२, माणशी ३८–४१. घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या दगडांच्या उतारावरून, ४० किलो घेऊन उतरणं म्हणजे गुडघा मोडून घेण्याची तयारी. म्हणून दोन फेऱ्या धरा. धावपट्टी ८ किलोमीटरवर असेल तर आठ जायचं, आठ परत, पुन्हा आठ: २४ किलोमीटर, म्हणजे त्या प्रदेशात दोन दिवस. यावरून एकच नियम निघतो, धावपट्टीपासून दीड दिवसाच्या चालीपलीकडे गोळी झाडू नका. दोन मेंढे असते तर हा हिशोब कोलमडला असता.

कायद्याने काय आणायचं: मटणवाल्याच्या भाषेत सांगायचं तर रान, दस्ती, चाप, गर्दन, सीना आणि बरगड्यांवरचं मांस, सगळं. बरगड्या सोडून येणं हा गुन्हा आहे. शिंगं मांसाच्या आधी खाली आणता येत नाहीत, शेवटच्या फेरीत मांसाबरोबर.

मांस खराब होतं ते आतल्या उष्णतेने, उन्हाने नंतर. जनावर पडल्या पडल्या कातडं काढा, पोट न उघडता चारही पाय सोडवा आणि मांडीच्या सांध्यापाशी हाडापर्यंत चीर द्या. तिथली ऊब अडकली की हाडालगतचं मांस आंबतं. कापडी जाळीदार पिशव्यांत घालून सावलीत, वारा लागेल असं टांगा किंवा दगडांवर उघडं पसरा. प्लास्टिक नको, घाम धरतं. माशांसाठी सायट्रिक ॲसिडचं पाणी फवारा, वरून कोरडी पापडी धरते. रात्री हवा गोठणबिंदूजवळ गेली की मांस आपोआप गार होतं, दिवसा ते गार राखायचं असतं.

कातडं पेंढा भरून ठेवायचं असेल तर खांद्यामागून गोल काप द्या आणि मानेवरून वर जा. केस झडायला लागतात ते नाक, डोळे, कान इथून. ओठ चिरून उघडा, कान उलटे करा, मांस पूर्ण खरवडा आणि मगच मीठ चोळा. मांसावर मीठ टाकलं तर ते कातडीपर्यंत पोचतच नाही. पांढऱ्या केसांवरचं रक्त थंड पाण्याने तेव्हाच धुवा.

---

घसारा_प्रेमी:

मित्राचं हे लक्षातच आलं नव्हतं, धन्यवाद. मग एकच मेंढा, आणि तो सोबती. आता नद्या, अस्वल आणि मेंढ्याजवळ जायचं कसं, एवढं राहिलं.

---

नियमपुस्तिका:

अस्वलांचं थोडक्यात. मांस तंबूपासून शंभर मीटरवर, दुर्बिणीतून दिसेल अशा उघड्या जागी. परतताना आधी लांबून बघा, वारा पाठीवर घेऊन, आवाज करत जा. अस्वल मांसावर बसलं असेल तर ते मांस त्याचं. नुसतं मांस वाचवण्यासाठी अस्वल मारायची सहसा मुभा नाही. अस्वलाला पळवायचा मिरचीचा स्प्रे दोघांच्या कमरेला, बॅगेत नाही. मित्राजवळ तर तेवढाच आधार आहे.

---

दुर्बीणवाला:

जवळ जाणं: मेंढे धोका खालून येईल असं गृहीत धरतात, म्हणून वरून उतरा. पण वारा बघून. पहाटे थंड हवा घळीतून खाली वाहते, तेव्हा वर गेलात तर तुमचा वास थेट त्यांच्यापर्यंत. ऊन उतारावर पडून हवा वर चढू लागली, साधारण दहानंतर, की धारेमागून वर जायचं. संध्याकाळी पुन्हा उलटतं. ढगाळ दिवशी हवा सतत फिरते, तेव्हा बसून राहणं बरं.

उतारावर नेम धरताना आडवं अंतर धरा. ४०० मीटर आणि ३५ अंशांचा कोन असेल तर गोळीसाठी ते सुमारे ३३० मीटर आहे. कोन दाखवणारा रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) घ्या. मेंढा कड्याच्या काठावर असेल तर थांबा. पडून शिंगं फुटतात, आणि जिथे पडला तिथे तुम्हाला उतरता येईलच असं नाही.

---

ओझंवाला:

हिमनदीतून येणाऱ्या नद्या पहाटे सगळ्यात उथळ, दुपारनंतर वितळलेलं पाणी आलं की चढत जातात. म्हणून नदी सकाळी ओलांडा, अलीकडे तंबू टाकून रात्र काढावी लागली तरी. पाणी अनेक फाट्यांत पसरलंय ती जागा निवडा. एका धारेत वळलेली अरुंद जागा खोल असते. कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर पाठपिशवी टाकता येते. दोघांनी खांद्याला खांदा लावून, वरच्या बाजूच्याच्या हातात काठी. वेगाचं पाणी गुडघ्यावर आलं की परत फिरा. पाणी दुधाळ असतं, तळ दिसत नाही, खोली काठीनेच कळते.

आणि अस्वलाचा स्प्रे व गॅसची डबी विमानात बसण्याआधी वैमानिकाला सांगा. स्प्रे तो केबिनबाहेर बांधेल, डबी त्याच्या परवानगीनेच जाईल. मोठ्या प्रवासी विमानात दोन्ही चालत नाहीत, म्हणून दुसऱ्या राज्यातून कुणी सामान आणणार असेल तर गॅस अँकरेजलाच घ्या.