बुटरकूखनमध्ये दालचिनी नेमकी कुठे घालावी?

कोथरूडकर:
नमस्कार. आम्ही काही वर्षे जर्मनीतल्या हानोफरला राहत होतो. तिथे शेजारच्या आजी शनिवारी बुटरकूखन भाजत असत. यीस्टने फुगवलेले मऊ पीठ ओव्हनच्या पूर्ण ट्रेवर पसरायचे, बोटांनी खड्डे पाडून त्यांत बटर भरायचे आणि वर साखर, दालचिनी व बदामाचे काप पेरायचे, असा तो चपटा केक असतो. पुण्याला परतताना त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी मला दिली, आणि तो केक माझ्या हातून त्यांच्यासारखा व्हावा, अशी मनापासून इच्छा आहे.

चिठ्ठीत ५०० ग्रॅम मैदा, पाव लिटर दूध, ७५ ग्रॅम साखर, ७५ ग्रॅम बटर, एक अंडे आणि यीस्टचा ‘अर्धा चौकोन’ असे प्रमाण आहे. दालचिनीचा उल्लेख आहे, पण ती कधी घालायची ते लिहिलेले नाही. मी चार चहाचे चमचे पूड पिठातच मळली. दोन तास थांबूनही पीठ जेमतेम फुगले. वर थोडी पूड पेरून १८० अंशांवर ४० मिनिटे भाजले, तेव्हा वरची दालचिनी कडवट झाली आणि दुसऱ्या दिवशी केक टोस्टसारखा कोरडा लागला. माझे नेमके कुठे चुकले? आणि ‘अर्धा चौकोन’ म्हणजे आपल्याकडचे कोरडे यीस्ट किती?

ब्रेमेनवासी:
ताई, पीठ न फुगण्यामागे मुख्य कारण दालचिनीच असावे. तिला वास देणारे सिनॅमाल्डिहाइड हे द्रव्य यीस्टची वाढ रोखते, आणि चार चमचे पूड ५०० ग्रॅम मैद्यात मिसळल्यावर यीस्टला जोर धरणे कठीणच होते. बुटरकूखनवर पुष्कळ घरांत नुसती साखर आणि बदाम असतात. ज्या घरांत दालचिनी आवडते तिथेही ती साखरेत मिसळून वरूनच पेरतात. साधारण १२५ ग्रॅम साखरेला दोन चहाचे चमचे पूड पुरते. चिठ्ठीत वेळ लिहिलेली नाही ती बहुधा यामुळेच, कारण आजींना ते सांगण्याची गरजच वाटली नसणार.

कडवटपणा आणि कोरडेपणा या दोन्हींचे मूळ भाजण्यात आहे. हा केक पातळ असतो, त्यामुळे मंद आचेवर फार वेळ ठेवला की आतला ओलावा निघून जातो आणि वरची पूड करपते. खालून-वरून उष्णता देणाऱ्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर, मधल्या कप्प्यात, सुमारे २० मिनिटे पुरतात. पंखा चालू असेल तर १८० अंश ठेवावेत.

खड्ड्यांकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. पीठ ट्रेवर पसरून दुसऱ्यांदा फुगल्यानंतरच, बोट जवळजवळ तळाला टेकेल इतके खोल दाबावे आणि प्रत्येक खड्ड्यात थंड बटरचा लहान तुकडा ठेवावा. एकूण दीडशे ग्रॅम बटर तरी लागते. खड्डे उथळ राहिले तर वितळलेले बटर कडेला वाहून जाते. खोल असले तर ते तिथेच पिठात मुरते आणि साखरेबरोबर त्याचा ओलसर, खमंग थर तयार होतो. ट्रे बाहेर काढताच, केक अगदी गरम असताना, शंभर ते दीडशे मिलिलिटर पातळ क्रीम वरून समान ओतावे. माझ्या मते दुसऱ्या दिवशीचा मऊपणा या क्रीममुळेच टिकतो.

उत्तर जर्मनीत हा केक लग्नातही असतो आणि अंत्यविधीनंतरच्या कॉफीबरोबरही, म्हणून त्याला ‘आनंदाचा आणि दुःखाचा केक’ अशा अर्थाचे नावही आहे. मी तो पहिल्यांदा खाल्ला तो एका शेजाऱ्यांना निरोप दिल्यावर, आणि त्या घरातल्या माणसांनी मला परके न मानता हातात बशी दिली, हे मी विसरलेलो नाही.

पिठातले_हात:
यीस्टविषयी सांगते. जर्मनीतला ताज्या यीस्टचा पूर्ण चौकोन ४२ ग्रॅमचा असतो. अर्धा म्हणजे २१ ग्रॅम, आणि त्याऐवजी ७ ग्रॅम कोरडे यीस्ट ५०० ग्रॅम मैद्याला पुरते. दूध फक्त कोमट असावे. बोटाला चटका बसला तर ते यीस्टलाही सोसणार नाही.

मैद्याचे गणित थोडे वेगळे आहे. तिकडच्या पिशवीवरचा ४०५ किंवा ५५० हा आकडा १०० ग्रॅम कोरड्या पिठात किती मिलिग्रॅम खनिजे आहेत ते सांगतो. पीठ किती ताणले जाईल हे त्यावरून कळत नाही. आपल्याकडचा मैदा दरवेळी सारखेच दूध शोषतो असे नाही, म्हणून पाव लिटरपैकी ४०–५० मिलिलिटर बाजूला ठेवून लागेल तसे घालावे. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल, किंचित चिकट असले पाहिजे, आणि दहा मिनिटे मळल्यावर ते परातीच्या कडा आपोआप सोडू लागते. ते चिकटते म्हणून वरून मैदा घालत राहण्याचा मोह आवरावा. बटर बिनमिठाचेच घ्यावे. पुण्याच्या उन्हाळ्यात पीठ पाऊण तासातही दुप्पट होते, त्यामुळे घड्याळापेक्षा पिठाकडे पाहावे.

दापोलीची_माहेरवाशीण:
दालचिनी कोणती घ्यावी, हेही पाहायला हवे. बाजारातली जाड, कडक सालीची दालचिनी बहुतेक वेळा कॅशिया असते आणि तिच्यात कुमारिन हे द्रव्य बरेच असते, जे जास्त प्रमाणात पोटात गेल्यास यकृताला अपाय करू शकते. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेने रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम कुमारिन अशी धरली आहे. सरासरी कॅशियाच्या हिशेबाने ६० किलोच्या माणसाला ती मर्यादा सुमारे दोन ग्रॅम पुडीतच गाठली जाते, आणि १५ किलोच्या मुलाला अर्ध्या ग्रॅममध्ये. एखाद्या रविवारी खाल्लेल्या केकने काही बिघडत नाही, पण मुलांना वारंवार देणार असाल तर खरी दालचिनी वापरावी. श्रीलंकेची दालचिनी पातळ थरांची, विडीसारखी गुंडाळलेली आणि सहज तुटणारी असते. आपल्या कोकणातही नारळ-सुपारीच्या बागांत खरी दालचिनी लावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही जात त्यातलीच आहे. तिचा वास सौम्य आणि गोडसर असल्यामुळे बटर-साखरेवर ती अधिक शोभते, असे मला वाटते.

कोथरूडकर:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल दालचिनी फक्त साखरेत मिसळली, ७ ग्रॅम यीस्ट घेतले आणि पीठ ५० मिनिटांत दुप्पट झाले. २०० अंशांवर १९ मिनिटांत कडा सोनेरी झाल्या, मग क्रीम ओतले. आज सकाळी उरलेला तुकडा बोटाने दाबून पाहिला, तो मऊ आहे. आजींना छायाचित्र पाठवले आहे.