महापौर, आयुक्त आणि मतदार

सोलापूरच्या पाणीपुरवठ्याचा जाब महापौरांनाच विचारावा, हे मत मला अपुरे वाटते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार कार्यकारी अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. महापौर सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान भूषवतात. बार्शी किंवा पंढरपूरचे मतदार नगराध्यक्ष थेट निवडतात, परंतु सोलापूर शहराचा महापौर मात्र नगरसेवक आपल्यातूनच अडीच वर्षांसाठी निवडतात, ही विसंगती मला फार खटकते. ७४ व्या घटनादुरुस्तीने घटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे शहरी स्थानिक संस्थांच्या विषयांच्या यादीत, पाणीपुरवठ्यासह १८ विषय नोंदवले खरे, पण ते या संस्थांकडे प्रत्यक्ष सोपवणे राज्याच्याच हाती ठेवले. त्यामुळे हा प्रश्न सभागृहात नगरसेवकांनी मांडावाच, आणि आयुक्त नेमणाऱ्या शासनाला तो विधानसभेत शहरातील आमदारांनीही विचारावा.