भालाफेकीतले आधीचे सुवर्ण

नीरज चोप्राच्या आधी भालाफेकीत भारताला सुवर्ण कोणी मिळवून दिले नव्हते, असे म्हटले जाते. ऑलिम्पिकपुरते ते खरे आहे, परंतु देवेंद्र झाझडिया यांचे नाव इथे यायलाच हवे. राजस्थानातील चुरू जिल्ह्यातल्या या मुलाने वयाच्या आठव्या वर्षी, झाडावर चढताना विजेच्या तारेला स्पर्श होऊन डावा हात गमावला आणि २००४ च्या अथेन्स पॅरालिम्पिकमध्ये ६२.१५ मीटर फेकीसह सुवर्ण जिंकले. फेकीच्या क्षणी रिकामा हात पुढे ताणून झटकन छातीशी ओढला जातो, त्यामुळे फेकणाऱ्या खांद्याला वेग मिळतो; तो आधार नसताना सगळा तोल कंबर आणि पाय यांवर सांभाळावा लागतो, हे भाला हातात धरलेल्या कोणालाही कळेल.

त्यांच्या दिव्यांग गटाची भालाफेक २००८ आणि २०१२ च्या पॅरालिम्पिकमध्ये नव्हतीच. तरीही उमेदीची ती वर्षे सराव न सोडता काढून त्यांनी २०१६ मध्ये रिओत ६३.९७ मीटरच्या विश्वविक्रमासह पुन्हा सुवर्ण मिळवले आणि टोकियोत, चाळिशीत, ६४.३५ मीटर भाला फेकून रौप्य. मला ती बारा वर्षेच अधिक मोठी वाटतात.