मदत हवी आहे: टॅरीटाउनची एक दिवसाची सहल, सासूबाई आणि स्ट्रोलरसह

नमस्कार मंडळी, येत्या शनिवारी न्यूयॉर्कहून हडसनकाठच्या टॅरीटाउनला जायचा बेत आहे. ग्रँड सेंट्रलहून मेट्रो-नॉर्थ रेल्वेची हडसन लाइन घेणार. शनिवार-रविवारी ऑफ-पीक भाडे असते आणि तिकीट गाडीत काढले तर महाग पडते, म्हणून अ‍ॅपवरच काढू. जाताना डावीकडे बसले की नदी दिसते.

अडचण चढाची आहे. स्टेशन आणि पिअर्सन पार्क नदीपातळीवर, तर मेन स्ट्रीट सरळ टेकडीवर चढते. सासूबाईंचे गुडघे दुखतात. शनिवारी स्टेशनबाहेर टॅक्सी सहज मिळते का, की आधीच ठरवावी?

पेट्रियट्स पार्क बघायचेच आहे: २३ सप्टेंबर १७८० रोजी ब्रिटिश मेजर आंद्रे वेस्ट पॉइंट या अमेरिकन किल्ल्याचे गुप्त कागद मोज्यात लपवून नेताना इथेच पकडला गेला. मग लिंडहर्स्ट हा जुना वाडा. तिथून १८४२ च्या क्रोटन जलवाहिनीवरची पायवाट जाते. ती बरीचशी सपाट, पण मातीची. पावसानंतर स्ट्रोलरची छोटी चाके रुततात का? लिंडहर्स्टहून लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंगच्या सनीसाइड या घरापर्यंत नदीकडेने चालत जाताना मध्ये पायऱ्या लागतात का? बसायला बाक आहेत का? नुकतेच कुणी गेले असल्यास कृपया सांगा.