जात्यावरच्या ओव्या: १४० कॅसेटी कोणत्या डिस्कवर ठेवू?

ओवीकर: सगळ्या कॅसेटी सी-६०, म्हणजे तासाभराच्या आहेत. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ वेव्ह फाइल करतो आहे. दुकानदार 'शंभर वर्षं टिकणारी' सोनेरी सीडी-आर दाखवतो. तिच्यावर ऑडिओ सीडी करू का? मुक्काम रत्नागिरी, म्हणजे हवा दमट.

फीतवाला: ऑडिओ सीडी नकोच. ती ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटवर उतरते, मग एवढं बारीक ध्वनिमुद्रण कशाला केलंत? शिवाय डेटा सीडीत (म्हणजे फाइली जशाच्या तशा ठेवलेल्या सीडीत) दर २३५२ बाइटांपैकी २०४८च तुमचे, उरलेल्यांत मुख्यतः चुका दुरुस्त करण्याची जादा सोय. ऑडिओ सीडीत ती नाही. ओरखडा पडला की प्लेअर हरवलेला तुकडा अंदाजाने भरतो आणि पत्ता लागू देत नाही.

सोनेरी रंगाला भुलू नका. खऱ्या सोन्याचा परावर्तक थर गंजत नाही, चांदीचा गंधकाने काळवंडतो, हे खरं. पण बऱ्याच डिस्कांत सोनेरी असतो तो नुसता वरचा लॅकर. आणि या फाइली सीडीवर जेमतेम २१ मिनिटं मावतील.

डिस्कोजी: २५ जीबीची बीडी-आर, म्हणजे एकदा लिहिता येणारी ब्लू-रे डिस्क घ्या, एचटीएल जातीची. तिचा लेखनथर असेंद्रिय असतो. पाकिटावर 'एलटीएच' दिसलं तर परत ठेवा; त्यात सेंद्रिय रंग असतो आणि तो उजेडाने, उष्णतेने लवकर बिघडतो.

तुमच्या फाइली तासाला २.०७ जीबी. बारा कॅसेटी काठोकाठ बसतात, पण दहाच ठेवा. उरलेल्या चार जीबीत पार-२च्या दुरुस्ती-फाइली टाका, म्हणजे डिस्कचा थोडा भाग बिघडला तरी त्यांवरून तो परत उभा करता येतो. १४ डिस्का, दोन संच, एकूण २८. एक संच दुसऱ्या गावी, तिसरी प्रत हार्ड डिस्कवर.

ओवीकर: बर्न, म्हणजे डिस्क लिहिणं, अगदी सावकाश, १एक्सवर (मूळ वेगाने) करू ना?

डिस्कोजी: नको. आजच्या डिस्का आणि ड्राइव्हमधली लेसरची गणितं त्याहून जास्त वेगासाठी जुळवलेली असतात. ४एक्स ठेवा. बर्न झाल्यावर डिस्क बाहेर काढा, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला आणि प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) मूळ फाइलशी ताडून पाहा. ज्या ड्राइव्हने लिहिलं तो स्वतःचं वाकडं अक्षरही वाचतो. वर्षातून एकदा हीच पडताळणी पुन्हा.

फीतवाला: कागदी लेबल चिकटवू नका, तोल जातो. पाण्याच्या शाईच्या पेनने मधल्या पारदर्शक कड्यावर फक्त क्रमांक लिहा. बीडीत माहितीचा थर वाचायच्या बाजूने ०.१ मिमीवरच असतो, तेव्हा डिस्क कडेनेच धरा. सीडीत तो उलट लेबलाच्या बाजूला असतो, म्हणून तिला पाठीवरचा ओरखडा जास्त भोवतो. तुमच्याकडे घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) हवंच. दाण्यांचा रंग बदलला की मंद आचेवर भाजून परत घाला.

ड्राइव्ह मात्र आत्ताच दोन घ्या. हा बाजार आटतो आहे; सोनीने २०२५च्या फेब्रुवारीत बीडी-आर बनवणं थांबवलं.