गोड्या पाण्यात एकट्याने गरवायला (गरीने मासे धरायला) कुठली होडी घेऊ? (सिंधुदुर्ग) सल्ला हवाय

गरीवाला_कुडाळ
मंडळी नमस्कार. मी कुडाळ तालुक्यातला, लहानपणापासून नदीच्या कोंडीवर (खोल डोहावर) आणि खाडीला काठावरनंच गरवतोय. काळुंदर, शिंगटी, कधी नशीब असेल तर जिताडा. आता गावापासून जवळच एक छोटं धरण आहे, तिथे मरळ श्वास घ्यायला वर येते ती बरोब्बर काठापासून चाळीस-पन्नास मीटरवर, गवताच्या पलीकडे. काठावरनं फेकलं तर पोचत नाही आणि पोचलंच तर ओढताना सगळं गवत घेऊन येतं. दोन सीझन हेच चाललंय म्हणून आता पाण्यात उतरायचं ठरवलंय. बजेट ३० हजार, वजन ८२ किलो, एकटाच जाणार, पोहता येतं, गाडी छोटी आहे वर कॅरियर नाही. हवेची कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद छोटी होडी) घेऊ, प्लॅस्टिकची कडक कयाक घेऊ की गावातल्या माणसाकडनं जुनी फायबरची होडी? ज्यांनी वापरलंय त्यांनीच सांगा प्लीज.

खाडीकाठ_राजापूर
हवेची मी दोन वर्षं वापरली म्हणून सांगतो. गाडीच्या डिकीत मावते, पंपाने दहा मिनिटात तयार, हे सगळं खरं. पण आपल्याकडची धरणं म्हणजे बुडालेलं रान आणि काजूच्या बागा, पाणी भरलेलं असतं तोवर काही कळत नाही, फेब्रुवारीनंतर पाणी उतरलं की झाडांचे खुंट पाण्याखाली वीतभर राहतात आणि वरनं दिसत नाहीत. माझी अशाच एका खुंटावर फाटली. बाजूचे दोन कप्पे वेगळे होते म्हणून एका कप्प्यावर लोंबकळत कसाबसा काठाला आलो, रॉड गेला, रील गेलं, फोन गेला. ज्यात एकच कप्पा आहे ती फुकट दिली तरी घेऊ नका.

दुसरं म्हणजे वारा. सकाळी साडेसहाला पाणी आरशासारखं असतं आणि माणूस फसतो. अकरा-साडेअकराला समुद्राकडनं वारा सुटतो आणि हवेची कयाक हलकी असल्यामुळे पानासारखी ढकलली जाते. आता हे नीट लक्षात घ्या, आपल्या नद्या पश्चिमेला वाहतात म्हणून धरणाची भिंत बहुतेक पश्चिमेच्या टोकाला असते, रस्ता भिंतीपर्यंतच असतो म्हणून आपण होडी तिथेच कुठेतरी उतरवतो, आणि परत येताना सगळं वल्हवणं वाऱ्याच्या तोंडावर! दमलेल्या हातांनी. त्यामुळे जमलं तर पूर्वेच्या, म्हणजे आतल्या गावाच्या बाजूने उतरा, सकाळी पश्चिमेकडे जा, परतताना वारा पाठीवर घ्या. नाहीच जमलं तर साडेदहाला काठाला, मासा लागत असला तरी. आणि सांडव्याच्या जवळ अजिबात जायचं नाही.

तिलारीकाठची
दादा, होडीच्या आधी एक विचारते, परवानगी काढलीत का? बरीचशी धरणं आणि तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. माझे बाबा आमच्याकडच्या संस्थेत आहेत. संस्था पैसे घालून कटला, रोहू, मृगळची बोटुकली सोडते, मग वर्षभर राखते, आणि कोणी बाहेरचा येऊन रीलने दहा किलोचा कटला नेला की त्यांच्या पोटावर येतं. भांडणं यावरूनच होतात, गरीवरून नाही. आधी जाऊन अध्यक्षांना भेटा, मरळच हवीय म्हणून सांगा, काय द्यायचं ते ठरवून घ्या. ओळख झाली की तेच लोक खुंट कुठे, गाळ कुठे ते दाखवतात, ही माहिती नुसत्या नकाशावरनं मिळायची नाही. रात्री टाकलेली जाळी सकाळी उचलेपर्यंत फ्लोटच्या रेषेवरनं होडी नेऊ नका, वल्हं अडकलं तर जाळं फाटतं आणि तुम्हीही कलंडता.

मालवणी_पाग
तिना सांगल्यान ता बरोबर. आदी तळ्याकाठच्या लोकांक विचार, मगे होडी घे.

वाशिष्ठी_चिपळूण
मरळ आणि मगर, दोन्हीबद्दल लिहितो. आमच्या वाशिष्ठीत मगरी आहेत, महाडला सावित्रीतही आहेत, तुमच्या धरणात आहेत का ते गुराख्यांना विचारा, त्यांना नक्की माहीत असतं. असतील तर पाण्याला अगदी टेकलेली कयाक नको, उंच काठाची होडीच घ्या, पाय-हात बाहेर सोडून बसू नका, मासे साफ करून आतडी पाण्यात टाकू नका आणि पकडलेला मासा दोरीला बांधून होडीला लटकवू नका. मगर वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, तिला हाकलायला दगड मारणं वगैरे विषयच नाही, आपणच बाजूला व्हायचं. (आमच्या नदीवर कोणी येणार असेल तर अजून एक, वर कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी सुटतं त्यामुळे पाऊस नसतानाही पाणी चढतं, अँकर टाकून निवांत झोपायची जागा नाही ती.)

मरळीसाठी रबरी बेडूक, हुक वर वळलेले असतात त्यामुळे गवतात अडकत नाही. ब्रेडेड (विणलेली) लाइन घ्या, साधी तंगूस (नायलॉनची दोरी) गवतात टिकत नाही. झडप दिसली की लगेच खेचायचं नाही, एक-दोन सेकंद थांबून मग खेचा, सगळे नवीन लोक इथेच मासा घालवतात. आणि पावसाळ्यात लालसर पिल्लांचा पुंजका पाण्यावर फिरताना दिसला तर तिथे गरी टाकू नका, खाली आई-बाप राखण करत असतात, ते गेले की सगळी पिल्लं दुसरे मासे खाऊन टाकतात. चढणीच्या दिवसात (पहिल्या पावसात मासे अंडी घालायला वर चढतात तेव्हा) तर मी गरी घरीच ठेवतो.

गरीवाला_कुडाळ
खूप आभार सगळ्यांचे. संस्थेचं डोक्यातच आलं नव्हतं, रविवारी जातो भेटायला. मगर नाही असं दोघातिघांनी सांगितलं तरी परत विचारतो. हवेची रद्द. मग कडक कयाक की फायबरची होडी? फायबरची नऊ-दहा फुटी आहे, धरणावरच ठेवायला मिळेल बहुतेक.

खाडीकाठ_राजापूर
तिथेच ठेवायला मिळत असेल तर डोळे झाकून फायबरची. कडक कयाक गाडीवर चढवणं एकट्याचं काम नाही आणि ३० हजारात बरी नवीन मिळणं कठीण. घ्यायच्या आधी होडी उलटी करून तळ बघा, भेगा बोटाने दाबून बघा, मग पाण्यात अर्धा तास सोडून आत पाणी येतं का बघा. पुढे-मागे बंद हवेचा कप्पा नसेल तर थर्माकोल भरून घ्या म्हणजे भरली तरी बुडणार नाही. छोट्या होडीत उभं राहून फेकायचं नाही, मधल्या फळीवर बसूनच. अँकर नेहमी नाळेला (होडीच्या पुढच्या टोकाला) बांधा, बाजूला बांधलात तर वाऱ्यात पाणी आत घेते. दोरी खोलीच्या तिप्पट तरी हवी, आणि जवळ सुरी.

तिलारीकाठची
आणि लाइफ जॅकेट अंगात, फळीखाली नाही. पोहता येतं म्हणालात पण पँट, बूट आणि पायाला गुंडाळलेलं गवत यात पोहणं वेगळं. घरी कुठल्या बाजूला जाताय आणि किती वाजता येणार ते सांगून जा, धरणावर बऱ्याच ठिकाणी रेंज नसते.

गरीवाला_कुडाळ
होय ताई. जॅकेट आजच बघतो, होडी संस्थेशी बोलल्यावरच. तिथे काय ठरतं ते इथेच लिहितो.