टाकी भरल्यावर गाडी सुरू व्हायला त्रास, कोड पी०४९६

प्रश्न
पेट्रोल गाडी आहे. टाकी भरून निघताना स्टार्टर नुसता फिरत राहतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला की कशीबशी सुरू होते, जरा थरथरते, मग ठीक चालते. एरवी सकाळी थंड इंजिनसुद्धा लगेच लागतं. चेक इंजिनचा दिवा आलाय, स्कॅनरवर पी०४९६. टाकीचं झाकण नवीन घातलं, कोड पुसला, दिवा परत आला. आता गॅरेजवाले कॅनिस्टर बदला म्हणतायत. बदलू?

उत्तर
थांबा. आणि झाकणाचा विषय सोडा. झाकण सैल असलं तर गळतीचे कोड येतात: पी०४५५ मोठ्या गळतीचा, पी०४५६ अगदी बारीक, अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाएवढ्या. तुमचा कोड सांगतोय की नको तेव्हा वाफ इंजिनकडे ओढली जातेय. माझा संशय पर्ज व्हॉल्व्हवर.

टाकीतली वाफ कॅनिस्टरमधल्या कोळशात साठते. इंजिन चालू असताना ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, पर्ज व्हॉल्व्ह उघडून ती इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) घेतो आणि जाळतो. करंट नसेल तेव्हा व्हॉल्व्ह बंदच पाहिजे. तो उघडा अडकला असेल, तर टाकी भरताना कॅनिस्टरकडे ढकलली जाणारी वाफ थेट मॅनिफोल्डपर्यंत पोचते. मिश्रण इतकं दाट होतं की प्लग ठिणगी टाकतोय आणि पेटत काही नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर जादा हवा मिळते, म्हणून सुरू होते. लक्षण इतकं बोलकं असताना लोक झाकणं का विकतात कोण जाणे.

सुटे भाग घेण्याआधी हे करा: इंजिन आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता चालू) ठेवा, व्हॉल्व्हचा कनेक्टर काढा, कॅनिस्टरकडून येणारी नळी काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवा. कनेक्टर काढूनही ओढ लागली तर व्हॉल्व्ह गेला. कनेक्टर आधी काढायचा, कारण चालू इंजिनात ईसीयू स्वतःच व्हॉल्व्ह उघडत असतो. जवळपास सिगारेट वगैरे नको.

आणखी एक उत्तर
पंपावर नोझल टक करून बंद झाल्यावर आणखी भरता का? तसं केलं की पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरतं आणि कोळशाची वाट लागते.

प्रश्नकर्ता
कनेक्टर काढला तरी बोट खेचलं जातं. व्हॉल्व्ह काढून झटकला तर काळे दाणे पडले.

उत्तर
मग कॅनिस्टरही बदला. गॅरेजवाले बरोबर निघाले, अर्धे का होईना. दाणे पडले म्हणजे कॅनिस्टर आतून फुटलाय. नुसता व्हॉल्व्ह बदललात तर तोच कोळसा नव्यातही अडकेल. दोघांमधली नळी दोन्ही टोकांनी सोडवून हवेने साफ करा, नाहीतर नवा भाग पहिल्याच दिवशी घाण खाईल.

कोड पुसल्यावर लगेच निकाल मागू नका. बहुतेक गाड्यांत ईसीयू या वाफेच्या यंत्रणेची जी तपासणी करतो, ती इंजिन रात्रभर थंड असेल आणि टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली असेल तरच चालते. काठोकाठ भरलेल्या टाकीवर ईसीयू काहीच तपासणार नाही, आणि दिवा नाही म्हणून तुम्ही खूश व्हाल.